रिकाम्या सोडलेल्या ओळी

माधुरी भिंगारदिवेला भीती वाटते, हे कारखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला नवलही नव्हतं. कॉम्प्युटर रूमला कुलूप लावून निघाली की ती जिन्यावरून परत यायची आणि कुलूप ओढून बघायची. एसीचा आवाज जरा बदलला की उठून त्याच्यापाशी जाऊन उभी राहायची. टेलिफोन वाजला की उचलायच्या आधी पदर नीट करायची, जसं काही पलीकडच्याला ती दिसणारच होती.

ती मूळची मिरजगावची. वडील रंभाजी रस्त्याच्या कामावर खडी पसरायचे; पोरीनं खुर्चीवर बसायचं काम करावं एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यभर धरला. नगरला बी. कॉम. झाल्यावर तिनं कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि शेवगावच्या बाजूला एका साखर कारखान्यात तिला नोकरी लागली. काम ऊस नोंदीचे आकडे मशीनमध्ये भरायचं. जागा राखीव होती, आणि त्याची आठवण करून देणारे लोक तिथं कमी नव्हते. वडील गेल्यावर आई बनाबाई तिच्यापाशी कॉलनीत राहायला आली.

खरं तर मशीन सांभाळणं तिचं काम नव्हतं. ते सचिन नावाचा मुलगा करायचा. त्याला पुण्यात चांगली नोकरी मिळाली. जाताना त्यानं किल्ल्या तिच्या टेबलावर ठेवल्या, सकाळी काय चालू करायचं आणि संध्याकाळी काय बंद करायचं ते सांगितलं आणि तो गेला. नवीन माणूस नेमू नेमू म्हणता कुणी नेमलाच नाही. पगार तोच राहिला, किल्ल्या मात्र माधुरीकडे आल्या.

मशीनमधला डेटाबेस म्हणजे कारखान्याची सगळी आठवण होती. कुणाचा ऊस कधी लागला, कुणाची तोड कधी, कोणत्या गाडीचं वजन काय, सगळं त्यात. हा डेटाबेस सुरू होताना आधी एक छोटी फाइल वाचायचा. मेमरी किती घ्यायची, एका वेळी मदतीला किती प्रोसेस उभ्या करायच्या, असल्या गोष्टी त्या फाइलमध्ये ओळीओळीनं लिहायच्या असायच्या. सचिननं त्यातल्या बऱ्याच ओळी रिकाम्याच ठेवल्या होत्या. ओळ रिकामी असली तर डेटाबेस स्वतःच आकडा ठरवायचा.

किल्ल्या हातात आल्यावर पहिल्याच वर्षी माधुरीनं धीर करून त्यातला एक आकडा बदलून पाहिला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी डेटाबेस उठेना. आकडा परत पहिल्यासारखा केल्यावर तो उठला, पण तोवर ऑफिस सुपरिंटेंडेंट आप्पासाहेब म्हस्के सगळ्या क्लार्क लोकांसमोर तिच्यावर कडाडले होते, "भिंगारदिवे बाई, ज्यातलं कळत नाही त्याला हात लावायचा नाही! हा कारखाना आहे, तुमचा क्लास नाही."

त्यानंतर ती अधूनमधून फाइल उघडायची, बघायची आणि तशीच मिटायची.

अठ्ठ्याण्णव सालच्या गळीत हंगामाच्या आधी संचालक मंडळानं मशीनला चार प्रोसेसर बसवायचं ठरवलं. आधी एकच होता. शेजारच्या कारखान्यानं दोन बसवले होते, म्हणून आपण चार. पुण्याहून पुरवठादाराचा इंजिनिअर आला. करण त्याचं नाव, पंचविशीतला, हसरा. नारळ फुटला, पेढे वाटले, संचालक मशीनभोवती उभे राहिले आणि फोटो निघाला. मशीनच्या मेमरीचा विषय मात्र कुणी काढला नाही. ती होती तेवढीच राहिली.

"डेटाबेसला वेगळं काही सांगावं लागतं का?" माधुरीनं करणला हळूच विचारलं.

"काही नाही मॅडम. किती प्रोसेसर आहेत ते तो सुरू होताना स्वतः मोजतो."

मोजून मग काय करतो, हे तिला विचारायचं होतं. पण आप्पासाहेब बाजूलाच पेढा खात उभे होते. तिनं प्रश्न गिळला.

हंगामाचे पहिले दिवस बरे गेले. ऊसतोडीच्या टोळ्या अजून येत होत्या, गाड्या थोड्या होत्या. मग गाडीतळ भरायला लागला, आणि माधुरीला जाणवलं की मशीन थकतंय. वजनकाट्यावर गाडी चढली की वजनाची पावती लगेच निघायची ती आता रेंगाळायला लागली. डिस्कचा दिवा पूर्वी लुकलुकायचा, आता तो विझायचाच नाही. तिनं आप्पासाहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "चार प्रोसेसर आहेत बाई. चार! हळू कसं होईल?" ती जागेवर परत आली. त्या रात्री तिला झोप लागली नाही. बनाबाईनं विचारलं, "काय गं मधे, कुशी का बदलतीस?" ती म्हणाली, "काही नाही आई, डास आहेत."

सोमवारी सकाळी कारखान्याच्या शेतकी खात्यानं तोडणीचा नवा कार्यक्रम मागितला. कुठल्या गावात कुठल्या शेतकऱ्याचा ऊस कोणत्या क्रमानं तोडायचा, त्याची ही यादी. त्यासाठी डेटाबेसला हजारो नोंदी चाळाव्या लागायच्या. माधुरीनं ते काम सुरू केलं आणि पाहता पाहता मशीन बसलं. बंद पडलं नाही; बंद पडलं असतं तर बरं झालं असतं. ते चालू होतं आणि काहीच करत नव्हतं. तिनं एक अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटायला तिला श्वास रोखून बसावं लागत होतं.

खिडकीतून गाडीतळ दिसायचा. गाड्यांची रांग काट्यापासून निघून रस्त्याला लागली होती. बैल जुवाखाली उभे होते, ऊन चढत होतं, उसाचे शेंडे माना टाकत होते. काट्यावरचा क्लार्क कानिफनाथ जिना चढून धापा टाकत आला.

"ताई, पावती न्हाई निघत. गाडी काट्यावर हुबी हाय कवाची. मागची मान्सं शिव्या द्याया लागलीत."

"हातानं लिहून दे ना तोवर."

"दिली हुती एकाला. त्यानं फाडून टाकली. म्हनतो, हातानं लिवून काटा मारता व्हय? कॉम्प्युटरचीच पावती पायजे." त्यानं आवाज खाली आणला. "खाली लोक लई काय काय बोलाया लागलेत. म्हनत्यात, नवीन मशीन वजन खातंय. म्हनून दाबून ठिवलंय."

तिनं तोडणी कार्यक्रमाचं काम थांबवायचा हुकूम दिला. हुकूमसुद्धा रांगेत जाऊन पडला.

मग खालून एक आवाज आला. आधी बैलाचा, मग माणसाचा. ती खिडकीशी धावली. तळाच्या मधोमध एक गाडी तिरकी झाली होती, उसाच्या मोळ्या खाली सांडल्या होत्या, आणि माणसं एका जागी गोळा होत होती. एका ट्रॅक्टरवाल्यानं कंटाळून कर्कश हॉर्न दाबला होता. समोरच्या एकबैली गाडीचा बैल उधळला. गाडीवान सहादेव त्याला धरायला गेला आणि गाडीचं चाक त्याच्या पायावरून गेलं. त्याला उचलून जीपमध्ये घातलेलं तिनं पाहिलं. त्याची बायको जीपच्या मागं पळत होती, डोक्यावरचा पदर मागं उडालेला.

जीप गेली आणि सगळ्या गर्दीनं तोंडं ऑफिसकडं वळवली.

माधुरीनं दाराला आतून कडी घातली. जिन्यावर पावलं वाजली. दारावर थाप पडली, मग थापा पडल्या. "बाहेर या! कोन हाय आत?" कुणीतरी विचारलं, "कोनाची हाय ती बाई?" आणि कुणीतरी तिचं आडनाव सांगितलं. त्यानंतर क्षणभर शांतता पडली. त्या शांततेची तिला थापांपेक्षा जास्त भीती वाटली. मग कोपऱ्यातल्या काचेवर दगड आला. काच तिच्या टेबलापर्यंत उडाली. ती टेबलाखाली बसली, गुडघ्यात मान घालून, आणि तिला स्वतःच्याच दातांचा आवाज ऐकू येत होता.

टेलिफोन टेबलावर होता. तिनं हात वर करून रिसीव्हर खाली ओढला आणि पुण्याचा नंबर फिरवला. नशिबानं करणच जागेवर होता. ती कुजबुजत सगळं बोलली.

"मॅडम, मोठ्यानं बोला, ऐकू येत नाहीये."

"मोठ्यानं बोलता येत नाही," ती म्हणाली.

त्याचा आवाजही मग खाली आला. त्यानं डिस्कच्या दिव्याबद्दल विचारलं, मेमरीबद्दल विचारलं. मग म्हणाला, "त्या सुरू व्हायच्या फाइलमध्ये मदतनीस प्रोसेसची ओळ काय आहे?"

"रिकामी आहे."

"आणि तिच्या खालच्या?"

"सगळ्या रिकाम्या आहेत. मी हात नाही लावला."

"मॅडम, रिकामी म्हणजे काहीच नाही असं नसतं. ओळ रिकामी असली की डेटाबेस प्रोसेसर मोजतो आणि त्यावरून आकडा धरतो. एक होता तेव्हा बेतानं धरायचा. आता चार दिसतायत, तर त्यानं मदतनीसही तसेच वाढवलेत, प्रत्येकाला मेमरी लागते, आणि मेमरी तर तेवढीच आहे. ती संपली की सगळं डिस्कवर नेऊन ठेवायचं, परत आणायचं, हेच चाललंय. टोळीत माणसं चौपट आणि झोपडी एकच, असं झालंय. मी त्या दिवशी बघायला पाहिजे होतं."

"आता काय करू?"

"त्या फाइलमध्ये प्रोसेसर किती, हेही आपल्याला स्वतः लिहिता येतं. तिथं एक लिहा. उरलेल्या ओळी तो एकाच्या हिशेबानं भरेल. मग डेटाबेस बंद करून परत सुरू करा. ज्या गाड्यांची पावती निघाली नाही, त्यांचं वजन जाईल. त्या परत तोलाव्या लागतील."

"तो परत उठला नाही तर?"

"उठेल," करण म्हणाला. पण 'उठेल' म्हणायच्या आधी तो अडखळला होता, आणि ते तिला ऐकू आलं.

आतल्या दरवाजातून आप्पासाहेब आले. चेहरा पांढरा पडला होता. त्यांच्या केबिनमधून कॉम्प्युटर रूमला एक छोटं दार होतं. माधुरीनं त्यांना सांगितलं.

"एक?" ते म्हणाले. "चेअरमनसाहेबांनी चार बसवले, पेपरात फोटो आला, आणि तुम्ही एक लिहिणार?"

"साहेब, नाहीतर चालणार नाही."

"आणि लिहून नाही चाललं तर?"

दारावर पुन्हा थाप बसली. दोघांनी तिकडं पाहिलं. आप्पासाहेबांनी रुमालानं मान पुसली. "मला यातलं काही माहीत नाही, असं समजा," ते म्हणाले आणि आले तसे मागच्या मागं गेले. त्यांच्या बाजूची कडी लागल्याचा आवाज तिनं ऐकला.

आता ती दोन बंद दारांच्या मध्ये होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी तिला धैर्य आलं वगैरे काही झालं नाही. तिनं नंतर आईला सांगितलं, की मला एकच कळत होतं, काही केलं तरी माझ्यावर येणार आणि नाही केलं तरी माझ्यावरच येणार. ती टेबलाखालून निघाली, खुर्चीवरच्या काचा पदरानं झटकल्या आणि फाइल उघडली. अक्षरं एकेक करून उमटत होती. तिनं प्रोसेसरच्या ओळीत एक लिहिलं. बरोबर लिहिलं का ते वाचलं, परत वाचलं. मग दाराशी गेली आणि फटीतून कानिफनाथला हाक मारली. तो बाहेरच होता, लोकांना थोपवत.

"कानिफभाऊ, ज्यांची पावती नाही त्यांच्या गाड्या परत तोलायच्या. मी मशीन बंद करून परत चालू करतेय."

"परत तोलायच्या?" त्याचा आवाज चिरकला. "ताई, मला मारतील ह्ये."

"मलापन मारतील," ती म्हणाली. लहानपणीची भाषा तिच्या तोंडून कधी निघाली, ते तिलाही कळलं नाही.

तिनं डेटाबेस बंद करायचा हुकूम दिला. बराच वेळ पडद्यावर काही हललं नाही. बाहेर कानिफनाथ मोठ्यानं काहीतरी सांगत होता, लोक त्याच्यावर ओरडत होते, आणि मधूनच एकदम सगळे गप्प होत होते. ते गप्प झाले की तिला वाटायचं, आता दार तुटणार. तिनं कात्री जवळ ओढून घेतली आणि मग कात्रीचीच भीती वाटून ती ड्रॉवरमध्ये टाकली. डिस्कचा दिवा विझला. डेटाबेस बंद झाला होता. कारखान्याची सगळी आठवण त्या घटकेला अंधारात होती, आणि ती परत आणायची तर तिलाच आणायची होती.

तिनं सुरू करायचा हुकूम दिला आणि डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा पडद्यावर नेहमीची ओळ होती. डेटाबेस उघडला होता. तिचा विश्वास बसेना. तिनं एका शेतकऱ्याची नोंद मागवली; ती चटकन आली. दुसरी मागवली. तीही आली. खाली काट्यावर प्रिंटर खडखडला, आणि तो आवाज तिला वरपर्यंत ऐकू आला, कारण गर्दी त्या आवाजासाठी थांबली होती.

जिना हळूहळू रिकामा झाला. कुणी माफी मागितली नाही. कुणी मागेल असं तिलाही वाटलं नव्हतं. दुपार टळल्यावर कानिफनाथ चहा घेऊन आला तेव्हा तिला कप धरवेना. त्यानं बशीत ओतून दिला.

दुसऱ्या दिवशी करण आला. त्यानं मदतनीस किती, मेमरी किती, अशा एकेका ओळीत बेताचा आकडा लिहिला, प्रोसेसर परत चार केले आणि जादा मेमरीची मागणी लिहून दिली. या वेळी माधुरी त्याच्या शेजारी बसली आणि प्रत्येक ओळीला विचारत राहिली, ही रिकामी राहिली तर तो काय धरतो? तो कंटाळला तरी तिनं विचारणं सोडलं नाही. आठवड्यानं तिला कारणे दाखवा नोटीस आली: मंजुरीशिवाय प्रोसेसर कमी दाखवल्याबद्दल. आप्पासाहेबांची सही होती. तिनं खुलासा लिहिला, तो कुठल्याशा फाइलमध्ये गेला आणि प्रकरण तिथंच पडून राहिलं. तिची नोकरी गेली नाही. पण पुढं कितीतरी महिने ऑफिसचा शिपाई लिफाफा घेऊन समोरून आला की ती वाट बदलायची.

नोटिशीपेक्षा तिला सहादेवची भीती जास्त होती. तो नगरच्या दवाखान्यात होता. अपघातानंतरच्याच रविवारी ती एसटीनं गेली. सोबत बनाबाईनं बांधून दिलेल्या भाकरी होत्या. वॉर्डाच्या दाराशी ती दोनदा जाऊन परत फिरली. शेवटी एका नर्सनं विचारलं, कुणाकडं आलात, तेव्हा तिला आत जावंच लागलं.

सहादेवचा पाय गुडघ्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. बायको छबूबाई खाटेच्या पायथ्याशी बसलेली.

"तुमी काट्यावरच्या का?" त्यानं विचारलं.

"कॉम्प्युटरवरची."

छबूबाईनं मान वर केली. तिच्या नजरेनं माधुरी मागं सरकली. "तुमच्या मशीननंच समदं खोळंबलं म्हनत्यात," छबूबाई म्हणाली.

"हो. मशीन अडलं होतं. मला आधी दिसत होतं, आणि मी नेट लावून कुणाला सांगितलं नाही."

शेजारच्या खाटेवरचा म्हातारा खोकत होता. मग सहादेवनं विचारलं, "माजा बैल कुटं हाय? खिलारी, कपाळावर चांदा हाय बगा. त्यो दुसऱ्याच्या हातचं खात न्हाई. माजा भाऊ आला न्हाई गावाकडनं आजून. कोन घालतंय त्याला वाडं?"

माधुरीला माहीत नव्हतं. "मी बघते," ती म्हणाली.

बैल गाडीतळाच्या कडेला लिंबाला बांधलेला होता. बरगड्या वर आल्या होत्या. पुढ्यात वाळलेलं पाचट होतं, त्याला त्यानं तोंड लावलेलं नव्हतं. माधुरी बैलांना लहानपणापासून भ्यायची. मिरजगावच्या बाजारात एकदा एकानं तिला ढुशी दिली होती. कानिफनाथकडून तिनं हिरव्या वाढ्यांची, उसाच्या शेंड्यांची, पेंढी मागून घेतली आणि लांबूनच काठीनं बैलाच्या पुढ्यात सरकवली. त्यानं हुंगलं आणि मान फिरवली.

"तसं न्हाई खायचा त्यो, ताई," कानिफनाथ म्हणाला. "हातानं द्या. मी पुढं आलो की अंगावर येतो."

"मी नाही."

"मग ऱ्हाऊ द्या."

ती तिथंच उभी राहिली. अंधार पडायला आला, ऊस गाळायला टाकतात त्या गव्हाणीकडून उसाचा कुरकुर आवाज येत होता, मळीचा वास नाकात बसला होता. मग तिनं एक वाढं उचललं, हात जेवढा लांब करता येईल तेवढा केला, चेहरा बाजूला वळवला आणि पुढं धरलं. बैलाचा गरम श्वास तिच्या मनगटाला लागला. तिनं किंकाळी दाबली. वाढं हातातून ओढलं गेलं.

सहादेवचा भाऊ गावाहून येईपर्यंत ती रोज सुट्टी झाल्यावर तिकडं जात होती. भीती एकाही दिवशी कमी झाली नाही.